रिपोर्ट १० टक्क्यांच्या आत आला, म्हणजे प्रबंध 'स्वच्छ' झाला का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे गाळलेत, बाकी सगळं तसंच.

प्रबंध जमा करायचे दिवस आले की एकच प्रश्न सगळीकडून ऐकू येतो: "माझे १४ टक्के आलेत, आता काय करू?" आणि त्याच सुमारास सोशल मीडियावर जाहिराती दिसायला लागतात: 'टक्के कमी करून मिळतील.' म्हणून आज जरा नीट समजून घेऊ, की हे टक्के नेमके कसले, नियम काय म्हणतो आणि टक्क्यांच्या पलीकडे तुमच्याकडून कसली अपेक्षा असते.

आधी नियम. यूजीसीने २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्याबद्दलची नियमावली आणली. ती मास्टर्सचा प्रबंध, पीएचडीचा प्रबंध, शोधनिबंध अशा लेखनाला लागू आहे. वर्गातली असाइनमेंट आणि परीक्षेची उत्तरपत्रिका त्यात येत नाही. अर्थात तिथे कॉपी चालते असा याचा अर्थ नाही, त्याचे नियम विद्यापीठाकडे वेगळे असतात.

प्रबंधासाठी चार पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं, आणि त्यासाठी जास्तीत जास्त ६ महिने. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर एक वर्षभर सुधारित प्रबंध देताच येत नाही. आणि ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. पदवी मिळाल्यानंतर चोरी सिद्ध झाली तरी सुटका नाही, पदवी स्थगित ठेवता येते.

आता दिलासा देणारी गोष्ट. साम्य मोजताना काही भाग वगळायचा असतो: श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांची नावं, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं. सर्वांना माहीत असलेल्या गोष्टी सलग १४ शब्दांपर्यंत जुळल्या तरी त्या धरत नाहीत. त्यामुळे १४ टक्के पाहून लगेच हातपाय गाळू नका. आधी रिपोर्ट उघडा आणि रंगवलेली वाक्यं कुठली आहेत ते बघा. संदर्भसूचीच मोजली गेली असेल, तर ग्रंथालयात सांगून सेटिंग बदलून पुन्हा तपासून घ्या.

पण मंडळी, याची दुसरी बाजूही आहे. सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळतात का ते बघतं, चोरी ओळखणं त्याच्या आवाक्यातलं नाही. रिपोर्ट ४ टक्के आला तरी आख्खं प्रकरण उचललेलं असू शकतं. आपल्या मराठीत तर ही पळवाट फार रुंद आहे. इंग्रजी पुस्तकातला उतारा मराठीत आणला की सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा पत्ताच लागत नाही. आणि जुनी मराठी पुस्तकं, मासिकं मुळात त्या डेटाबेसमध्येच नसतील तर जुळणार काय? पण नियमातली व्याख्या साधी आहे: दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून खपवणं. भाषा बदलली म्हणून कल्पना आपली होत नाही.

एक उदाहरण मी स्वतः रचलंय. समजा, मूळ लेखात असं वाक्य आहे: '१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांमुळे गाव सोडून जाणारी अनेक कुटुंबं थांबली.' तुम्ही लिहिलंत, '१९७२ च्या अवर्षणात रोहयोच्या कामांनी गाव सोडणारी बरीच कुटुंबं थोपवली.' शब्द बदलले, पण सांगाडा आणि निष्कर्ष त्याचाच, आणि नाव कुठेच नाही. टक्के कमी करून देणारे नेमकं हेच करतात! योग्य रीत कुठली? लेख वाचा, बंद करा, तुम्हाला काय कळलं ते तुमच्या वाक्यात लिहा आणि लेखकाचा संदर्भ द्या. त्याचं म्हणणं तुमच्या गावातल्या माहितीशी जुळतं की नाही, हेही लिहा. ते शेवटचं वाक्य म्हणजे तुमचं संशोधन.

आता चॅटजीपीटीबद्दल. भाषा सुधारायला वापरू का? आधी विभागाचा नियम विचारा, गाइडना सांगा आणि वापरलं असेल तर तसं नमूद करा. खरा धोका संदर्भांचा आहे. ही साधनं अस्तित्वात नसलेले शोधनिबंध लेखकाच्या नावासकट बिनधास्त रचून देतात. त्यामुळे जो लेख तुम्ही उघडून वाचला नाही, तो सूचीत टाकू नका. 'नेचर'ने २०२३ मध्येच स्पष्ट केलं की अशा साधनाला लेखक म्हणून नाव देता येणार नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. जबाबदारी तुमचीच.

सचोटी फक्त लिखाणात नसते, माहितीतही असते. यान हेंड्रिक श्योन हा अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला तरुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ. त्याच्या वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत एकसारखेच चढउतार दिसले, तेव्हा संशय आला. २००२ मध्ये चौकशी झाली, तर त्याच्याकडे प्रयोगाच्या नीट नोंदवह्या नव्हत्या आणि मूळ डेटाही जवळपास उरला नव्हता. नोकरी गेली. पुढे कॉन्स्टान्झ विद्यापीठाने पीएचडीही काढून घेतली. म्हणून रोजची तारीख टाकून नोंद ठेवा आणि मूळ फाइल वेगळी जपा. सामाजिक शास्त्रात असाल तर मुलाखतींचं रेकॉर्डिंग आणि संमतीपत्रंही सांभाळा. न भरलेल्या प्रश्नावल्या होस्टेलवर बसून भरणं म्हणजे बनावट डेटाच.

आणि एक अवघड जागा: लेखकांची नावं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा गंभीर सुधारणेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी. चारही हवेत. नुसतं पद मोठं म्हणून नाव लागत नाही. पण गाइडना हे तोंडावर सांगणं सोपं नाही, हे मला कळतं. सही त्यांच्या हातात असते. त्यामुळे काम सुरू होतानाच विचारा, "सर, पेपर झाला तर नावांचा क्रम कसा असेल?" आणि जे ठरेल ते ईमेलवर लिहून पाठवा. नंतर भांडण्यापेक्षा हे बरं.

तक्रारीची वेळ आलीच, तर विभागाची आणि संस्थेची अशा दोन समित्या नियमातच आहेत. विभागाच्या समितीत एक सदस्य बाहेरच्या विभागातला असतो, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. पण तोंडी कुजबुज उपयोगाची नाही. मूळ मजकूर आणि उचललेला मजकूर शेजारी शेजारी ठेवून पुरावा द्या.

शेवटचं एक. प्रबंधासोबत 'हे माझं काम आहे' असं हमीपत्र तुम्ही सही करून देता. पदवीनंतर पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर जातो आणि तो कुणीही, कधीही उघडून वाचू शकतं. रिपोर्टमधला आकडा तेव्हा कुणी विचारत नाही. मुखपृष्ठावर नाव मात्र तुमचंच असतं.

रिपोर्ट वाचताना कुठे अडलात तर प्रश्न पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूच!