मॉडेल विमानांचे लँडिंग गिअर
मॉडेल विमानांचे लँडिंग गिअर म्हणजे रेडिओ-नियंत्रित छोट्या विमानांना जमिनीवर पेलणारी आणि उतरतानाचा धक्का सोसणारी चाकांची रचना होय. तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. ट्रायसायकल प्रकारात दोन मुख्य चाके व नाकाखाली एक चाक असते. टेलड्रॅगर प्रकारात मुख्य चाके पुढे, तर शेपटीखाली एक लहान चाक किंवा वाकवलेली तार असते.

तत्त्व
दोन्ही प्रकारांतील फरक गुरुत्वमध्य व मुख्य चाके यांच्या परस्परस्थानातून उद्भवतो. ट्रायसायकलमध्ये मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या किंचित मागे असतात. विमान थोडे तिरके टेकले तरी या चाकांचे घर्षण त्याला सरळ करते. टेलड्रॅगरमध्ये मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. शेपूट एका बाजूस सरकल्यास मागील वजन ते आणखी रेटते. रडर वेळीच न वापरल्यास विमान जागीच गर्रकन वळते. यास ग्राउंड लूप म्हणतात.

टेलड्रॅगरची मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या फार जवळ बसवल्यास विमान नाकावर पडून प्रोपेलर मोडतो. ती फार पुढे नेल्यास ग्राउंड लूपचा धोका वाढतो. त्यामुळे चाकांचा आस बहुधा पंखाच्या पुढील कडेच्या आसपास ठेवतात. जमिनीवर चालवताना एलिव्हेटर वर धरून शेपूट खाली दाबून ठेवतात.

निवड
डांबरी किंवा सिमेंटची धावपट्टी उपलब्ध असल्यास नवशिक्यांसाठी ट्रायसायकल सोयीचे ठरते. मात्र उंच गवतात किंवा खड्ड्यात नाकाचे चाक अडकून त्याचा दांडा वाकतो. टेलड्रॅगरमध्ये हा दांडा नसतो, वजन व हवेचा रोध कमी राहतो आणि नाक वर असल्याने प्रोपेलर जमिनीपासून उंच राहतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात पारनेरकडील मुरमाड माळरान आणि गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील काळी जमीन असे दोन्ही प्रकार आढळतात. माळावर मोठ्या चाकांचे टेलड्रॅगर उपयुक्त ठरते. काळ्या जमिनीस उन्हाळ्यात भेगा पडतात, तर पावसाळ्यात तिचा चिखल चाकांना चिकटतो. अशा ठिकाणी हाताने सोडून पोटावर उतरवता येणारे, चाके नसलेले हलके मॉडेल अधिक सुरक्षित असते.

मूळ विमानाची हुबेहूब प्रतिकृती करताना मात्र त्याचीच रचना पाळावी लागते.

भारतीय विमानांतील उदाहरणे
डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेले व १९५१ साली प्रथम उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान टेलड्रॅगर होते. १९७७ मध्ये प्रथम उडालेल्या एचपीटी-३२ दीपकमध्ये ट्रायसायकल रचना आली.

निशांत या मानवरहित विमानासाठी वँकेल इंजिन विकसित करण्यात अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास संस्थेचा (व्हीआरडीई) सहभाग होता. निशांतला चाके नव्हती. ते प्रक्षेपकावरून सोडले जाई आणि पॅराशूट व हवेच्या पिशव्यांच्या साहाय्याने उतरे. त्याची चाके असलेली आवृत्ती, पंछी, २०१४ मध्ये प्रथम उडाली.