टेंडरांतला एक आंकडा

घर बांधावयास काढणाऱ्या गृहस्थास मक्तेदाराशीं ठरविलेल्या अटींचें महत्त्व सांगावयास नको. ‘भिंती चांगल्या बांधा’ म्हणून भागत नाहीं. वीट कोणती, सिमेंट किती, हें कागदावर उतरावें लागतें. परंतु सार्वजनिक पैशानें उभारावयाच्या इमारतींच्या टेंडरांत ‘इमारत पर्यावरणास पोषक असावी’ एवढ्या एका वाक्यावर पुष्कळदां समाधान मानण्यांत येतें. असलें वाक्य कोणासच बांधीत नाहीं. आणि पुढें पन्नास वर्षें विजेचें बिल भरतो तो करदाता.

या बाबतींत अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत, गोल्डन या गांवीं घडलेली हकीकत मनन करण्याजोगी आहे. तेव्हां राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सरकारी संस्थेस सुमारें ८०० माणसांची कचेरी बांधावयाची होती. नेहमींची रीत अशी कीं, आधीं नकाशे काढावयाचे व मग सर्वांत कमी भाव सांगणारास काम द्यावयाचें. येथें क्रम उलटा झाला. खर्चाचा आंकडा कायम केला : ६ कोटी ४० लक्ष डॉलर. मग मागण्या तीन पायऱ्यांनीं लिहिल्या : अत्यावश्यक, अतिशय इष्ट आणि साधल्यास. पहिलींत ‘लीड’चें प्लॅटिनम मानांकन, दुसरींत दर चौरस फुटास वर्षाकाठीं २५,००० बी.टी.यू., म्हणजे सुमारें सव्वासात युनिट, एवढ्याच ऊर्जेची मर्यादा. तिसरींत, इमारतीनें खर्चावी तितकी ऊर्जा स्वतःच निर्माण करावी, ही जवळजवळ स्वप्नवत् अपेक्षा. भिंत कशी नि खिडकी कोठें, तें स्थापत्यविशारद व मक्तेदार यांनीं एकत्र बसून ठरवावें. ज्या मंडळीस काम मिळालें तिनें तिन्ही पायऱ्या पत्करल्या.

या आंकड्यानें काय काय करविलें पाहा! दोन्ही बाजूंचा उजेड आंत पोंचावा म्हणून इमारतीचे पंख अवघे ६० फूट रुंद झाले. जमिनीखालीं उष्णता सांठविणारा काँक्रीटचा चक्रव्यूह आला. कारकुनांच्या टेबलांमधील आडोसे बुटके झाले, मोठे संगणक जाऊन लहान आले, आणि खिडकी केव्हां उघडावी याची सूचना संगणकाच्या पडद्यावर येऊं लागली. एकत्र कुटुंबांत दिवे मालविण्याचा तगादा लावणाऱ्या आजोबांचें काम तेथें टेंडरानें केलें म्हणावयाचें!

इमारत २०१० सालीं पुरी झाली. अधिक माणसें व सगळ्या आवाराचा संगणककक्ष तींत आल्यामुळें २५ हजारांची मर्यादा सुमारें ३५ हजारांवर न्यावी लागली. पण ती नेली हिशेब मांडून.

अशीं उदाहरणें परदेशांतच आहेत असें नव्हे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानें नवी दिल्लींत उभारलेलें इंदिरा पर्यावरण भवन २०१४ सालीं खुलें झालें. त्याच्या छपरावरील सौर संचाची शक्ति ९३० किलोवॅट आहे. खरी अडचण आहे ती गांवोगांवच्या शाळांची, इस्पितळांची नि कचेऱ्यांची. तेथें दारावरील ताऱ्यांची पाटी मागतात, मीटर मात्र कोणी वाचीत नाहीं. मक्तेदाराच्या अखेरच्या हप्त्याचा कांहीं भाग, इमारत वापरांत आल्यावर वर्षभराचें मीटरवाचन पाहूनच द्यावा, एवढी एक ओळ टेंडरांत घालण्यास कांहीं मोठा खर्च येणार नाहीं. मक्तेदार कुरकुर करतील, आणि भावही किंचित् चढवून सांगतील.