गाडीचा सातबारा

जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींच्या बोलण्यात ‘कागद नसलेली गाडी’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो, आणि त्याचा अर्थ बहुधा असा असतो की प्रीमियर पद्मिनी, स्टँडर्ड हेराल्ड किंवा विलीजची जीप यांसारखे एखादे वाहन वर्षानुवर्षे गॅरेजात, वाड्याच्या पडवीत वा भंगारवाल्याच्या आवारात पडून आहे, विकणारा समोर आहे आणि पैसे घ्यायला तयारही आहे, परंतु आरसी बुक, म्हणजे परिवहन कार्यालयाने दिलेले नोंदणी प्रमाणपत्र, त्याच्यापाशी नाही. अशा गाडीचे इंजिन उघडणे, पत्रा ठोकून सरळ करणे, रंग देणे ही कामे पैसा आणि चिकाटी यांच्या बळावर पार पडतात. कागदांचे तसे नसते, म्हणून जाणकार माणूस आधी कागद पाहतो आणि मग पान्याला हात लावतो.

आरसी बुक म्हणजे मालकीहक्काचा दस्तऐवज, ही सर्वसाधारण समजूत कायद्याच्या दृष्टीने अर्धीच खरी आहे. मोटार ही जंगम मालमत्ता असून तिची विक्री १९३० च्या मालविक्री कायद्याखाली येते, आणि त्या कायद्यानुसार मालकी हस्तांतरित होते ती विकणारा व घेणारा यांच्या कराराने. परिवहन कार्यालय त्या व्यवहाराची केवळ नोंद घेते. मराठी वाचकाला हे नाते शेतजमिनीच्या उदाहरणावरून चटकन उमगेल. सातबारा उतारा हा महसुली अभिलेख असतो, मालकी सिद्ध होते ती खरेदीखतावरून वा वारसाहक्कावरून, आणि तरीही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाचे पाऊल प्रत्येक कचेरीत अडते. आरसी बुक हा गाडीचा सातबारा आहे आणि नावबदल हा तिचा फेरफार.

ही नोंद केवळ औपचारिक नाही, कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) मध्ये ‘मालक’ या शब्दाची जी व्याख्या आहे ती सर्वसाधारणपणे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे त्यालाच मालक मानते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, मात्र नाव कोणीच बदलून घेतले नव्हते. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदीवरच्या पहिल्या मालकावरच टाकली. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेला माणूस, किंवा त्याचे कुटुंब, कागदोपत्री अजून त्या गाडीला बांधलेले असू शकते, ही गोष्ट त्याला पटवून देणे हा नव्या खरेदीदाराच्या हातातला सर्वांत प्रामाणिक आणि उपयोगी युक्तिवाद ठरतो.

शोधाची सुरुवात धातूपासून होते. चासी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, आणि इंजिन या दोहोंवर कारखान्यात क्रमांक ठोकलेला असतो. गंज हलक्या हाताने काढून त्यावर कागद धरून पेन्सिलीने छाप घेतात, आणि हीच छाप पुढे प्रत्येक कचेरीत पुरावा म्हणून लागते. नंबरप्लेट शिल्लक असेल तर तीही बोलकी असते, कारण १९८९ च्या सुमारास ‘एमएच’ ही मालिका सुरू होण्याआधी महाराष्ट्रातील क्रमांक ‘एम’पासून सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचे असत, त्याही आधीच्या मुंबई राज्यात ‘बी’पासून सुरू होणारी अक्षरे वापरात होती, आणि त्या अक्षरांवरून गाडी कोणत्या कार्यालयाच्या दप्तरात शोधायची याचा माग लागतो. मुंबई राज्याचे पुढे तुकडे झाले असल्याने ते दप्तर आज शेजारच्या राज्यात निघण्याचीही शक्यता असते.

नोंद सापडली तरी ती बहुधा हाताने लिहिलेल्या जाड वहीत असते. देशभरातील वाहनांची माहिती आता ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत असल्याने वहीतील नोंद तिथे चढवल्याशिवाय पुढचे काम होत नाही. या चढवण्याला कचेरीच्या भाषेत ‘बॅकलॉग एन्ट्री’ म्हणतात. त्याच वेळी ही गाडी चोरीला गेलेली म्हणून कुठे नोंदली आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीवरून तपासणे अगत्याचे असते, कारण विकणाऱ्याकडे नसलेली मालकी तो दुसऱ्याला देऊ शकत नाही हे मालविक्री कायद्याचे मूलतत्त्व आहे, आणि चोरीच्या गाडीवर कितीही प्रेमाने काम केले तरी ती मूळ मालकाचीच राहते.

यापुढे खरी अडचण येते. हरवलेल्या आरसी बुकाची दुय्यम प्रत मिळवण्यासाठी पोलिसांत हरवल्याची नोंद करून नमुना २६ चा अर्ज द्यावा लागतो, परंतु हा अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा असतो; गाडी ताब्यात असलेला खरेदीदार तो करू शकत नाही. म्हणजे आधी त्या मालकाला शोधायचे, त्याच्या सहीने दुय्यम प्रत काढायची, आणि मग नमुना २९ व ३० भरून नाव बदलायचे, हाच क्रम उरतो. कायद्याने नावबदलासाठी विकणाऱ्याला राज्यांतर्गत १४ आणि राज्याबाहेर ४५ दिवस, तर घेणाऱ्याला ३० दिवस दिलेले आहेत. जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही मुदत दशकांपूर्वीच उलटलेली असते, तेव्हा विलंबाचा भुर्दंड आणि थकलेला कर हिशेबात धरावा लागतो. मालक हयात नसेल तर वारसांनी नमुना ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर घ्यावी लागते. वारस चार ठिकाणी विखुरलेले असतील तर प्रत्येकाची संमती मिळवण्यात महिने जातात. जुन्या बँककर्जाचा बोजा नोंदीवर तसाच राहिला असेल तर फेडीचा दाखलाही हवा. मालक वा वारस सापडूनही सही देत नसतील तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ३४ खाली दिवाणी न्यायालयाकडून मालकीची घोषणा मागता येते, परंतु गाडीची किंमत आणि दाव्याचा खर्च यांचा मेळ क्वचितच बसतो.

अमेरिकेत याच प्रश्नाला वेगळे उत्तर आहे. तिथे नोंदणीखेरीज ‘टायटल’ नावाचा मालकीचा स्वतंत्र दाखला राज्याकडून मिळतो, आणि तो हरवला असेल तर अनेक राज्यांत जामीनरोखा देऊन नवा काढता येतो; टेक्सासमध्ये हा रोखा गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा असून तीन वर्षांत कोणी हक्क सांगितला नाही तर जोखीम संपते. खऱ्या मालकाचे नुकसान रोख्यातून भरून निघण्याची ही सोय भारतीय नियमांत नाही, आणि ती असायला हवी असे म्हणण्यास बरीच जागा आहे. तिच्या अभावी एक गैरमार्ग फोफावतो: मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचे कागद विकत घेऊन तिचा क्रमांक आपल्या चासीवर ठोकणे, ज्याला बाजारात ‘कागद बसवणे’ म्हणतात. ही सरळ सरळ बनावटगिरी आहे, आणि ती उघडकीस येते ती अपघातानंतर वा विमा नाकारला गेल्यावर, म्हणजे सर्वांत वाईट वेळी.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी केलेल्या स्वतंत्र नियमांकडून अनेकांच्या अपेक्षा असतात. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी वा चारचाकीला २०,००० रुपये शुल्क भरून दहा वर्षांची नोंदणी मिळते, नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि गाडी प्रदर्शन, रॅली वा दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मात्र भारतात आधी नोंदलेल्या गाडीसाठी अर्जासोबत जुने आरसी बुकच मागितले जाते, त्यामुळे कागद हरवलेल्या गाडीला हा दरवाजा आपोआप उघडत नाही. शिवाय सांगाडा वा इंजिन मोठ्या प्रमाणात बदललेले चालत नाही, हे जीपला डिझेल इंजिन बसवून घेतलेल्यांनी ध्यानात घ्यावे. त्यांच्यासाठी कलम ५२ खालील बदलाची परवानगी हा वेगळाच अध्याय असतो.

ज्या गाडीची नोंद कुठेच सापडत नाही आणि जिच्या मालकाचा मागमूस नाही, ती अनुभवी हौशी सुट्या भागांच्या भावाने घेतात, तिचे दरवाजे, काचा आणि गिअरबॉक्स कागद असलेल्या दुसऱ्या गाडीच्या कामी लावतात, आणि क्रमांक ठोकलेला सांगाडा तेवढा हात न लावता बाजूला ठेवतात.