आता आजीचा डाव

सुट्टीच्या दिवशी एखाद्या बागेत गेलेलं कुटुंब पाहा. पोरं खेळत असतात, वडील मोबाईलवर फोटो काढत असतात आणि आई बाकावर पिशव्या, चपला नि पाण्याची बाटली सांभाळत बसलेली असते. आजी तर पुष्कळदा घरीच. "तिचे गुडघे दुखतात, ती येऊन काय करणार?" वस्तीत रक्तदाब आणि साखर तपासायला आम्ही बसतो, तेव्हा या आई आणि आजी आमच्यासमोर येतात. "शेवटचं कधी खेळलात?" असं विचारलं की त्या तोंडाला पदर लावून हसतात आणि म्हणतात, "लग्नाआधी."

म्हणून या वेळी आजी, आई आणि नातवंडं यांना एकत्र खेळता येईल अशा एका खेळाविषयी सांगतो. त्याचं नाव मिनी गोल्फ, म्हणजे छोटं गोल्फ.

नाशिककरांना गोल्फ म्हटलं की गोल्फ क्लब मैदान आठवतं. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे क्रिकेट होतं, सभा होतात, लोक चालायला येतात. खेळ मात्र आपल्याला साहेबांचा वाटतो, कारण मोठ्या गोल्फला एकरच्या एकर हिरवळ लागते. छोट्या गोल्फला अंगणाएवढी जागा पुरते. लहानपणी आपण गोटी गलीत घालायचो, तसा इथे चेंडू काठीने हळूच ढकलून खड्ड्यात घालायचा. वाटेत पूल, बोगदा, चढ, वळण असे अडथळे असतात. चेंडू जितक्या कमी फटक्यांत खड्ड्यात जाईल तितकं चांगलं. सहा फटक्यांतही गेला नाही तर सात लिहायचे आणि पुढच्या खड्ड्याकडे जायचं. त्यामुळे कुणी एका जागी अडकून पडत नाही आणि कुणी बादही होत नाही.

या खेळाच्या इतिहासात बायकांचा वाटा मोठा आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावात १८६७ साली बायकांनी स्वतःचा क्लब काढला. बाईने खांद्याच्या वर हात नेऊन काठी फिरवणं तेव्हा अशोभनीय मानत. मग त्या उंचसखल हिरवळीवर चेंडू नुसता ढकलून खेळू लागल्या. ती हिरवळ आजही आहे आणि तिला 'हिमालय' म्हणतात.

पुढे १९३० साली अमेरिकेत छोट्या गोल्फची मोठी लाट आली. त्याच साली आपली माणसं इथे काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रहाला उभी होती. तिकडेही दारं सगळ्यांना उघडी नव्हतीच. वॉशिंग्टन शहरात कृष्णवर्णीय स्त्रियांनी १९३७ साली 'वेक-रॉबिन' हा गोल्फ क्लब स्थापन केला आणि गोऱ्यांसाठी राखलेली सरकारी मैदानं आम्हालाही खुली करा, अशी मागणी लावून धरली. १९४१ साली मंत्री हॅरॉल्ड इकीज यांनी ती सर्वांना खुली केली. मोकळ्या वेळात खेळायला मिळणं हासुद्धा हक्क आहे, हे त्या बायकांनी ओळखलं होतं.

आता तब्येतीचं बोलू. हा खेळ म्हणजे पुरेसा व्यायाम नव्हे. मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं, दम थोडा वाढेल असं चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते चालणं सोडू नका. पण पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत, असंही ती सांगते. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरूण धरतो. छोट्या गोल्फमध्ये पाय फाकवून उभं राहणं, कमरेतून थोडं वाकणं, नजर चेंडूवर ठेवून हात झुलवणं, दोन पावलं चालून पुन्हा उभं राहणं हे सगळं येतं. तोल राखायची सवय हसतखेळत होते. शिवाय तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाईल बंद राहतो.

तिकीट परवडत असेल तर बाहेर जाऊन जरूर खेळा. नसेल तर वस्तीतच डाव मांडा. आम्ही काही बायकांनी विहारामागच्या मोकळ्या जागेत पाच खड्ड्यांचं 'नाशिक दर्शन' केलं होतं. प्लास्टिकच्या पाईपचा तुकडा हा गोदावरीवरचा पूल. उतरती फळी म्हणजे गंगापूर धरण. विटांच्या दोन ओळींमधली अरुंद वाट ही कांद्याची चाळ. मातीच्या ढिगावर बारदान टाकून केलेल्या चढावर पुठ्ठ्याची त्रिरश्मी लेणी. आणि चारी बाजूंनी विटा लावलेला द्वारका चौक, जिथे चेंडू अडकला की अडकलाच! झाडूच्या जुन्या दांड्याला खाली लाकडाचा तुकडा ठोकला की काठी तयार. खड्डा साधारण सव्वाचार इंच रुंद ठेवा. जमीन सिमेंटची असेल तर मग आडवा ठेवा.

साठी ओलांडलेल्या एका आजींनी द्वारका दोन फटक्यांत पार केली. त्यांच्या नातवाला तिथे सात लागले होते.

खेळताना एवढं सांभाळा:

- साखरेचा आजार असेल तर अनवाणी खेळू नका. पायाला लागलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.
- साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी खेळू नये. थरथर सुटली, घाम फुटला तर लगेच साखर किंवा गूळ खावा आणि बसावं.
- रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वाकल्यावर झटकन उभं राहू नका, चक्कर येते. चेंडू खड्ड्यातून लेकरांनी काढून द्यावा.
- काठी गुडघ्याच्या वर उचलायची नाही. जवळ लहान मुलं असतात.
- उन्हाळ्यात ऊन उतरल्यावरच खेळा, पाणी जवळ ठेवा.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर तासभर काढा. पहिला फटका आजीला मारू द्या, मग आईला, मग लेकरांना. वडिलांनी गुणांची वही धरावी आणि सर्वांचा चहाही करावा. पुढच्या तपासणीला याल तेव्हा ती वही सोबत आणा. कोण जिंकलं ते आम्हालाही कळू द्या.