टी-शर्टावरची छपाई : शाई, यंत्र आणि हिशेब

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की आपल्या महाविद्यालयात एक प्रश्न हमखास निघतो. वर्गाचे टी-शर्ट छापायचे ते कोठे आणि किती रुपयांत? पूर्वी हे काम सोपे होते. सगळ्या वर्गाचे एकच चित्र, फार तर दोन रंग, आणि शे-दीडशे नग. आता प्रत्येकाला पाठीवर स्वतःचे नाव हवे असते, एखाद्याला आपल्या मांजराचा फोटो हवा असतो, आणि तोही उद्याच्या उद्या. ही हौस पुरवणारे एक तंत्र गेल्या वीस वर्षांत जगभर पसरले आहे. इंग्रजीत त्याला 'डायरेक्ट टू गारमेंट', थोडक्यात 'डीटीजी', म्हणतात. घरी ज्या इंकजेट प्रिंटरवर आपण अर्ज छापतो त्याच जातीचे यंत्र कागदाऐवजी शिवून तयार झालेल्या कपड्यावर थेट चित्र उमटवते. हे यंत्र चालते कसे आणि ते परवडते कोणाला, एवढेच प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने सांगितलेले पदार्थविज्ञान विज्ञान शाखेच्या वाचकांनी थोडे सांभाळून घ्यावे.

मी या विषयात शिरले ती आमच्या गल्लीतल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्या काकांमुळे. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या आणि गणेशोत्सव मंडळांचे टी-शर्ट यांवर त्यांचे दुकान पंचवीस वर्षे चालत आले आहे. हाताखाली दोन मुले आहेत, दोघेही कन्नड बोलणारे. गेल्या उन्हाळ्यात काकांच्या मनाने घेतले की, कर्ज काढून डीटीजी यंत्र आणावे. "तू कॉमर्सची ना गं? मग हिशेब घालून सांग की," असे म्हणून त्यांनी आपली ऑर्डरची वही माझ्यापुढे ठेवली. दुकान गहाण पडणार होते, तेव्हा हिशेब वरवरचा करून भागणार नव्हते.

आधी जुनी पद्धत पाहू. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर बारीक जाळी ताणून बसवलेली असते. पूर्वी ही जाळी रेशमाची असे, आता पॉलिएस्टरची असते. जाळीवर प्रकाशाने कडक होणारे लुकण लावतात, त्यावर चित्राची फिल्म ठेवून प्रकाश देतात आणि मग पाण्याने धुतात. चित्राखालचे लुकण उजेड न मिळाल्यामुळे मऊ राहते व धुऊन जाते. तेवढ्याच जागेतून रंग खाली उतरतो. स्क्वीजीने एकदा ओढले की एक रंग छापला गेला. दुसऱ्या रंगाला दुसरी फ्रेम, तिसऱ्याला तिसरी. रंगावर रंग अचूक बसला नाही तर गणपतीच्या डोळ्याची बाहुली कपाळावर जाते. म्हणजे मेहनत सगळी तयारीत आहे. एकदा फ्रेमा तयार झाल्या की शंभर छापा नाहीतर हजार.

इंकजेटमध्ये फ्रेम नाही, फिल्म नाही, काही नाही. संगणकातले चित्र थेंबाथेंबाने कापडावर पडते. हा थेंब फेकण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत शाईला क्षणभर तापवतात, तिचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. १९७७ साली जपानच्या कॅनन कंपनीत तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून शाईच्या पिचकारीच्या सुईला लागली, शाई उडाली, आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असे सांगतात. कापडावरच्या यंत्रांत मात्र प्रामुख्याने दुसरी रीत वापरतात. काही स्फटिक दाबले असता त्यांत वीज निर्माण होते, हे प्येअर आणि जाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवले. याच्या उलटही घडते : अशा स्फटिकाला वीज दिली की तो किंचित आकार बदलतो. प्रिंटरच्या हेडमध्ये शाईच्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्याला असा एक पापुद्रा लावलेला असतो. विजेचा झटका बसला की पापुद्रा वाकतो, कप्पा दबतो आणि छिद्रातून थेंब सुटतो. एका सेकंदात हे हजारो वेळा घडते. थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोलिटर. अशा काही पिकोलिटरांचा एक थेंब! शाई तापवावी लागत नसल्यामुळे तिच्यात रंगकण आणि त्यांना कापडाला चिकटवणारे बायंडर घालण्याची अधिक मोकळीक मिळते.

कापडावर इंकजेटने छापण्याची ही यंत्रे बाजारात रुळली ती एकविसाव्या शतकात. इस्रायलची कोर्निट कंपनी २००२ साली स्थापन झाली. शिलाई यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या जपानच्या ब्रदर कंपनीने २००५ साली आपले पहिले डीटीजी यंत्र आणले, आणि प्रिंटर करणाऱ्या एप्सनने २०१३ साली.

खरी गंमत पांढऱ्या शाईत आहे. कागदावर छापताना पांढरा रंग लागत नाही, कारण कागदच पांढरा असतो. निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांनी काम भागते. पण आपल्या पोरांना टी-शर्ट हवा असतो काळा. काळ्यावर पिवळा थेंब टाकला तर तो दिसतच नाही. म्हणून आधी पांढऱ्याचा थर द्यायचा आणि त्यावर चित्र छापायचे. हा पांढरा रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याची घनता पाण्याच्या चौपटीहून अधिक, त्यामुळे तो शाईच्या तळाशी बसतो. हा गाळ बारीक छिद्रांत अडकला की हेड बाद, आणि हेड हाच यंत्रातला अत्यंत महाग भाग. म्हणून यंत्रात पांढरी शाई सतत फिरती ठेवावी लागते. दिवसभर एकही ऑर्डर नसली तरी हेड साफ करण्यासाठी थोडी शाई वाया घालवावी लागतेच. हवा फार कोरडी असली तर छिद्राच्या तोंडाशी शाई वाळते ती वेगळीच. दुकानातल्या मुलांना हे मी कन्नडातून सांगितले तेव्हा एक जण म्हणाला, "म्हणजे बिळी बण्णाला रोज चारा घालायचा." बिळी बण्णा म्हणजे पांढरा रंग. (शाईला मात्र कन्नडातही शायीच म्हणतात, तेवढा शब्द मला आयताच मिळाला.)

पांढरी शाई नुसती काळ्या कापडावर टाकली तर धाग्यांत झिरपून करडी दिसते. म्हणून छापण्यापूर्वी कापडावर एक द्रावण फवारतात. त्यात कॅल्शियमसारखे क्षार असतात. दुधात लिंबू पिळताच ते जसे फाटते, तशी या क्षारांशी गाठ पडताच शाई जागच्या जागी घट्ट होते व कापडाच्या वरच राहते. द्रावण कमी पडले तर चित्र फिके, जास्त पडले तर कापडावर डाग आणि कडकपणा. मग हीट प्रेसखाली दाबून धागे सपाट करायचे, छापायचे, आणि शेवटी पुन्हा सुमारे १६० अंश सेल्सिअसला तापवायचे. पाणी उडून जाते आणि बायंडरची पातळ साय धरून रंगकण धाग्याला चिकटतात. हा शेवटचा टप्पा घाईने उरकला तर चित्र दोन धुण्यांत जाते. ग्राहक शिव्या यंत्राला देतो, खरा दोष असतो तो वाचवलेल्या अर्ध्या मिनिटाचा.

हे सगळे सुती कापडाबद्दल झाले. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही. शिवाय त्याचा मूळ रंगच उष्णतेने सुटून वर येतो, आणि लाल जर्सीवर छापलेला पांढरा आकडा गुलाबी होतो. म्हणून क्रिकेट संघांच्या जर्सीसाठी सब्लिमेशन ही वेगळी रीत आहे : कागदावर छापलेला रंग सुमारे २०० अंशांवर वायुरूप होऊन धाग्यातच शिरतो. ती फक्त पॉलिएस्टरवर, आणि तेही पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर चालते.

आणखी एक अडचण आपल्या भागाची. चित्र कसेही असो, अक्षरे मराठी किंवा कन्नड असली की घोटाळा होतो. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोड मजकूर असला तरी काही सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला बसते, 'लक्ष्मी'तला क्ष तुटतो आणि कन्नडातली ओत्तक्षरे अक्षराखालून निसटून शेजारी येऊन उभी राहतात. यंत्राला त्यातले काही कळत नाही. ते दिलेले इमानदारीने छापते. उपाय साधा आहे. मजकूर जेथे नीट दिसतो त्या संगणकावरच अक्षरांचे 'कर्व्ह' करून, म्हणजे अक्षरांचे चित्र बनवून, मग फाइल पाठवावी. आणि दोन्ही भाषा वाचणाऱ्याने ती एकदा पाहावी. स्नेहसंमेलनाच्या समितीने हा परिच्छेद कापून भिंतीवर लावण्यास माझी हरकत नाही.

आता हिशेब. पुढील आकडे समजण्यापुरते गृहीत धरले आहेत, प्रत्येक दुकानात ते वेगळे निघतील. चार रंगांचे चित्र आहे. स्क्रीनच्या तयारीला दर रंगाला ४०० रुपये, म्हणजे १६०० रुपये स्थिर खर्च. पुढे दर टी-शर्टाला रंग व मजुरी मिळून २४ रुपये. डीटीजीमध्ये तयारीचा खर्च जवळजवळ शून्य, पण शाई, द्रावण, वीज, मजुरी धरून दर नगाला ९० रुपये. एकच टी-शर्ट छापायचा तर स्क्रीनने १६२४ रुपये लागतील, डीटीजीने ९०. चोवीस नगांना स्क्रीनचे २१७६ आणि डीटीजीचे २१६० होतात. पंचविसाव्या नगाला पारडे फिरते : स्क्रीन २२००, डीटीजी २२५०. तीनशे नगांना तर स्क्रीनचे ८८०० आणि डीटीजीचे २७,००० रुपये. एकाच रंगाचे चित्र असेल तर हा बिंदू बराच आधी येतो. वर्गात 'ब्रेक-ईव्हन' शिकताना फळ्यावरच्या दोन रेषा एकमेकींना छेदतात, त्या मला काकांच्या दुकानात प्रथम खऱ्या वाटल्या.

पण यात यंत्राची किंमत आलेलीच नाही. यंत्र, फवारणीचे साधन व हीट प्रेस मिळून १२ लाख धरू, आयुष्य पाच वर्षे, वर्षाचे कामाचे दिवस ३००. घसारा रोजचा ८०० रुपये. कर्जाचे व्याज शेकडा १० धरले तर पहिल्या वर्षी रोजचे ४००. साफसफाईत जाणारी शाई व देखभाल ३००. म्हणजे दुकान उघडले की १५०० रुपये गेले. गिऱ्हाइकाकडून छपाईचे १८० घेतले तर ९० खर्च वजा जाता नगामागे ९० उरतात. १५०० भागिले ९०, म्हणजे रोज १७ टी-शर्ट छापले तर फक्त खर्च निघतो. काकांच्या घरी चूल पेटायची ती अठराव्यापासून.

काकांचे म्हणणे होते, "अगं, गणपतीच्या आधी एकेका मंडळाचे दोन-दोनशे असतात. सतरा म्हणजे काय मोठे?" येथेच सगळी मेख आहे. दोनशे नगांची ऑर्डर या यंत्रावर घेणे म्हणजे तोटा विकत घेणे. ती स्क्रीनवरच जायला हवी. यंत्राच्या वाट्याला येतात फक्त सुटे नग : वाढदिवसाचा एक, मित्रमंडळाचे सहा, नावागणिक वेगळे बारा. वहीतून मी तेवढेच वेगळे काढून मोजले. वर्षाची सरासरी रोजच्या सतराच्या निम्म्यावरही येत नव्हती, आणि पावसाळ्यात तर पानेच्या पाने कोरी. कोऱ्या दिवसांतही पांढऱ्या रंगाला चारा लागतोच.

मोठ्या शहरात, किंवा जेथे देशभरच्या ऑर्डरी एका ठिकाणी गोळा होतात, तेथे हेच यंत्र सोन्यासारखे आहे. माल आधी छापून ठेवायला नको, म्हणून न खपलेल्या मालात पैसा अडकत नाही. तिरुपूरहून आलेले कोरे टी-शर्ट कपाटात ठेवायचे आणि पैसे आले की छापायचे. दोष यंत्राचा नाही, आमच्या गल्लीच्या गिऱ्हाइकीचा आहे.

काकांनी कर्ज काढले नाही. फक्त हीट प्रेस घेतला. सुट्या नगांसाठी ते आता 'डीटीएफ' फिल्म मीटरवर छापून मागवतात : शाई कापडाऐवजी प्लॅस्टिकच्या फिल्मवर पडते, तिच्यावर गोंदाची भुकटी वितळवलेली असते, आणि दाबले की चित्र कापडावर उतरते. सुतीलाही चालते, पॉलिएस्टरलाही. माझ्या मते हाताला ते डीटीजीइतके मऊ लागत नाही आणि मोठे चित्र असले तर उन्हात छातीला घाम येतो. ज्याला मऊच हवे त्याचे काम काका बाहेरून जॉबवर्कने करून आणतात. स्क्रीनच्या फ्रेमा जागच्या जागी आहेत, आणि दोन्ही मुलेही.

गिऱ्हाइकाला द्यायची चिठ्ठी मी मराठीत आणि कन्नडात लिहून दिली आहे. पहिले धुणे दोन दिवसांनी. टी-शर्ट उलटा करून थंड पाण्यात धुवावा, दगडावर आपटू नये, छापलेल्या भागावर इस्त्री फिरवू नये.