मोबाइल, सेन्सर आणि कच्चा नमुना : कार्यशाळेविषयीचे गैरसमज

हालचाल, स्पर्श, आवाज किंवा भोवतालचा बदल ओळखणारी आणि मोबाइलशी बोलणारी वस्तू स्वतःच्या हाताने करून पाहण्याच्या कार्यशाळेला फारसे साहित्य लागत नाही. ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, मल्टिमीटर, एखादा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, चार-सहा सेन्सर आणि सहभागींचे स्वतःचे फोन एवढे पुरते. एक-दोन दिवसांत कल्पनेचा चालणारा कच्चा नमुना उभा करायचा, हा उद्देश. या कामाविषयी गैरसमज मात्र बरेच आहेत. काहींमुळे माणसे कार्यशाळेला येतच नाहीत, तर काही गैरसमज नमुना तयार झाल्यावर नडतात.

इलेक्ट्रॉनिक्सची पदवी नसेल तर इथे काही कळणार नाही, हा सर्वांत पसरलेला समज. ज्या बोर्डाने या कार्यशाळा सोप्या केल्या त्या आर्डुइनोचा जन्मच वेगळे सांगतो. २००५ मध्ये इटलीतील इव्हरेआ गावच्या इंटरॅक्शन डिझाइनच्या संस्थेत, डिझाइनच्या विद्यार्थ्यांना परवडावा आणि वापरता यावा म्हणून तो तयार झाला. त्याचा पाया होता एर्नांदो बारागान या त्याच संस्थेतील विद्यार्थ्याने केलेला ‘वायरिंग’ हा प्रकल्प. पुढे २०१६ मध्ये बीबीसीने ‘मायक्रो:बिट’ हा छोटा बोर्ड ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांसाठी मोफत दिला. फोनसाठीचे ॲपही आता ओळीओळीने लिहावे लागत नाही. गूगलमध्ये सुरू झालेल्या आणि नंतर एमआयटीकडे गेलेल्या ‘ॲप इन्व्हेंटर’मध्ये ठोकळे एकमेकांत बसवून ते करता येते.

याच्या उलट टोकाचा समजही तितकाच महागात पडतो : हे खेळण्यासारखे आहे, कुठलीही वायर कुठेही लावली तरी चालते. अंतर मोजणाऱ्या ‘एचसी-एसआर०४’ या स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सरचे उदाहरण घेता येईल. तो ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या ‘एको’ पिनेवरचा संदेशही ५ व्होल्टचा असतो. वाय-फाय आणि ब्लूटूथ असलेल्या ‘ईएसपी३२’ चिपच्या पिना मात्र ३.३ व्होल्टसाठी आहेत. ही जोडणी थेट केली तर पिन जळण्याचा धोका असतो. उपाय दोन रेझिस्टरांचा आहे : एको पिनेपासून १ किलोओहम, तिथून ग्राउंडकडे २ किलोओहम, आणि दोघांच्या सांध्यावरून बोर्डाकडे वायर. सांध्यावर सुमारे ३.३ व्होल्ट मिळतात. मल्टिमीटरने बोर्डाच्या पुरवठ्याच्या पिना मोजून मगच वायर लावायची सवय पहिल्या तासात लागली, तर उरलेला दिवस सुखाचा जातो.

‘फोनमध्ये सगळे सेन्सर असतातच, वेगळे कशाला?’ हा प्रश्न अर्धा बरोबर आहे. ॲक्सिलरोमीटर, जायरोस्कोप, चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर, मायक्रोफोन, कॅमेरा हे बहुतेक फोनांत मिळतात. जर्मनीतील आखेन विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप त्यांचे आकडे थेट दाखवते, आणि कार्यशाळेचा पहिला प्रयोग त्यावरच व्हावा हे उत्तम. पण मातीतला ओलावा किंवा बोटाच्या दाबाचे बल फोनला थेट मोजता येत नाही. तिथे बाहेरचा सेन्सर आणि बोर्ड लागतो, मग आकडे ब्लूटूथने फोनवर येतात. बाहेरच्या सेन्सरचेही स्वभाव असतात. ओलावा मोजणारी दोन दात्यांची स्वस्त पट्टी ओल्या मातीत सतत वीज देऊन ठेवली तर गंजत जाते. म्हणून मोजण्यापुरतीच तिला वीज द्यायची असते.

सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज म्हणजे सेन्सर जे दाखवतो तेच खरे. टेबलावर सपाट ठेवलेला, अजिबात न हलणारा फोन ॲक्सिलरोमीटरवर शून्य दाखवत नाही, तर सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग दाखवतो. चिपमधला सिलिकॉनचा सूक्ष्म भार कवचाच्या तुलनेत किती सरकला, हे हा सेन्सर मोजतो. त्यामुळे टेबलाचा आधारही त्याला त्वरणासारखाच भासतो. मोकळेपणी खाली पडणाऱ्या फोनमध्ये उलट शून्याच्या जवळचा आकडा येतो.

या आकड्यांवरून चाललेले अंतर काढू, असे कार्यशाळेत कोणीतरी हमखास सुचवते. त्वरणाची दोनदा बेरीज केली की अंतर मिळते, हे कागदावर खरे आहे. पण सेन्सर फक्त ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्गाने चुकत असेल, तर दहा सेकंदांत अडीच मीटरची आणि एका मिनिटात तब्बल ९० मीटरची चूक साचते, तीही फोन जागचा न हलता. पावले मोजणारी ॲप म्हणूनच या वाटेने जात नाहीत. पाऊल पडताना उठणारी ठरावीक लाट ओळखून ती पावले मोजतात. सेन्सरला काय नीट सांगता येते हे ओळखून त्याला तेच विचारणे, हे या कार्यशाळेतले खरे शिक्षण आहे.

नमुना देखणा आणि पूर्ण चालणारा हवा, ही समजूत वेळ खाते. पामपायलट हे खिशातले उपकरण १९९६ मध्ये बाजारात आले. त्याआधी त्याचे जनक जेफ हॉकिन्स त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरत आणि जणू खरेच उपकरण आहे असे समजून तो वापरून बघत. आकार खिशाला सोसतो का, ठोकळा बाहेर काढावासा कधी वाटतो, या प्रश्नांना सर्किटची गरजच नव्हती. दुसरी पद्धत ‘विझर्ड ऑफ ओझ’ नावाने ओळखली जाते : वापरणाऱ्याला यंत्र प्रतिसाद देते आहे असे वाटते, पण मागे बसलेला माणूस बटणे दाबत असतो. आवाजावर चालणारी कल्पना लोकांना पटते का, हे अशाने कोड लिहिण्याआधीच कळते.

असे काम मोठ्या शहरांतल्या संस्थांमध्येच होते, हेही खरे नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवण्याची प्रयोगशाळा, सुरू झाली. एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते.

शेवटचा गैरसमज नमुना चालू लागल्यावर जन्मतो : आता वस्तू तयारच झाली. कार्यशाळेत बोर्डाला यूएसबीची वीज सतत मिळते. वाय-फाय चालू ठेवून सरासरी १०० मिलिअँपिअर ओढणारा बोर्ड १००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर जेमतेम दहा तास टिकेल. चिपला बहुतांश वेळ झोपवून ठेवले तर आयुष्य कितीतरी वाढते, पण मग संपूर्ण प्रोग्रॅमची मांडणी बदलते. माणसांचा प्रश्न याहून कठीण आहे. मनगट झटकून फोन घ्यायची युक्ती नमुना करणाऱ्याच्या हाताला बरोबर जमते, कारण झटका ओळखण्याची मर्यादा त्याच्याच हातावरून ठरलेली असते. वयस्कर माणसाचा हात सावकाश फिरतो, लहान मुलाचा झटका तुटक असतो, आणि बसमध्ये हादरे स्वतःच झटक्यांसारखे दिसतात. म्हणून नमुना चालू झाला की तो आधी दुसऱ्यांच्या हातात द्यावा लागतो, आणि मर्यादेचा आकडा त्यांच्या नोंदींवरून पुन्हा ठरवावा लागतो.