बर्कलीचं सॉकेट

सी भाषेत दोन यंत्रांना एकमेकांशी बोलतं करायचं, तर आजही तीच मोजकी फंक्शन्स वापरावी लागतात: सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट, कनेक्ट. ऑगस्ट १९८३मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीबरोबर ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारातून बाहेर पडली, तेव्हा त्यांचं घर होतं व्हॅक्स यंत्रं. आज ती लिनक्सवर आहेत, मॅकवर आहेत, अँड्रॉइडच्या पोटात आहेत आणि किरकोळ फेरफारांसह विंडोजवरही आहेत. पायथनमध्ये लिहिणाऱ्याला ती सहसा उघडी दिसत नाहीत, पण त्याच्या लायब्ररीच्या तळाशी शेवटी हीच फंक्शन्स काम करतात. चाळीस वर्षांहून जास्त काळ जवळपास जसंच्या तसं टिकलेलं बांधकाम संगणकाच्या दुनियेत फार थोडं आहे.

अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेला आपल्या संशोधकांसाठी एकच सामाईक युनिक्स हवं होतं आणि त्यात टीसीपी/आयपी अंगभूत असायला हवं होतं. टीसीपी/आयपीचा सुरुवातीचा कोड बीबीएन कंपनीत रॉब गुरविट्झ यांनी लिहिला. बर्कलीत बिल जॉय यांनी तो घेतला आणि वेगासाठी त्यात भरपूर बदल केले. १९८२मध्ये जॉय सन मायक्रोसिस्टिम्समध्ये गेले, तेव्हा ४.२ तडीस नेण्याचं काम सॅम लेफलर यांच्याकडे आलं. १ जानेवारी १९८३ला अर्पानेट हे संरक्षण खात्याचं जाळं जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपीवर आलं, आणि त्याच वर्षी हे युनिक्स लोकांच्या हाती पडलं.

या रचनेतला पहिला निर्णय युनिक्सच्या स्वभावाला धरून होता. फाइल उघडली की कर्नल प्रोग्रामला एक लहानसा पूर्णांक देतो. सॉकेटही तसाच पूर्णांक देतं. ०, १ आणि २ हे आधीच इनपुट, आउटपुट आणि चुकांच्या संदेशांसाठी राखलेले असतात, म्हणून साध्या प्रोग्रामात पहिलं सॉकेट बहुधा ३ क्रमांकाचं निघतं. जोडणी झाली की त्या क्रमांकावर नेहमीचं रीड, राइट आणि क्लोज चालतं. वाचणाऱ्या कोडला बाइट डिस्कवरून येताहेत की हजार मैलांवरून, हे कळायची गरज उरत नाही.

मात्र फाइल एका ओपनमध्ये उघडते आणि जोडणीला इतक्या पायऱ्या लागतात. नवशिक्याला हे जाचक वाटतं, आणि ते साहजिक आहे. पण १९८३मध्ये टीसीपी/आयपीच जिंकणार हे ठरलेलं नव्हतं. झेरॉक्सचे वेगळे प्रोटोकॉल होते, ओएसआयची तयारी चालू होती. म्हणून सॉकेट मागताना पत्ता द्यायचाच नाही. फक्त पत्त्याचं कुटुंब सांगायचं, सॉकेटचा प्रकार सांगायचा आणि प्रोटोकॉल. पत्ता नंतर एका सर्वसाधारण स्ट्रक्चरमधून जातो: मुळात पुढे दोन बाइट कुटुंबाचे, मागे चौदा बाइट ज्याच्या त्याच्या सोयीचे. आयपीचा पत्ता त्यात दोन बाइट पोर्टला, चार पत्त्याला वापरतो आणि उरलेले आठ रिकामे सोडतो. व्हॉइड पॉइंटर अजून सी भाषेच्या प्रमाणात आलेला नव्हता, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी पॉइंटर कास्ट करावा लागे. तो कास्ट आजही तसाच लिहिला जातो.

पोर्ट भरतानाची ठेच सर्वांच्या ओळखीची आहे. नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये लहान बाइट आधी असतो. एच-टू-एन-एस हे फंक्शन विसरलं, तर ८० नंबरचं पोर्ट २०४८० होतं. कंपायलर एक शब्द बोलत नाही, सर्व्हर सुरूही होतो, फक्त कोणीच येत नाही.

सर्व्हरच्या बाजूला बाइंड पत्ता आणि पोर्ट पक्कं करतं, लिसन रांग उघडतं. या रचनेचं खरं सौंदर्य मला ॲक्सेप्टमध्ये दिसतं. ऐकणारं सॉकेट स्वतः कोणाशीच बोलत नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखं ते दाराशी बसतं. आलेल्या प्रत्येकासाठी ॲक्सेप्ट एक नवं सॉकेट हातात देतं आणि बोलणं त्यावर होतं. पोर्ट सगळ्यांचं एकच राहतं, कारण जोडणी ओळखली जाते ती दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडची पोर्ट मिळून. म्हणून ४४३ या एका पोर्टवर हजारो लोक एकाच वेळी बोलू शकतात.

सर्व्हर बंद करून लगेच पुन्हा चालू केला की ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असा नकार मिळतो, तोही याच हिशेबातून. जी बाजू आधी जोडणी बंद करते, तिच्याकडे टीसीपी त्या चौकडीची आठवण काही काळ धरून ठेवतं. वाटेत रेंगाळलेलं जुनं पॅकेट नव्या जोडणीत घुसू नये म्हणून. लिनक्सवर हा काळ ६० सेकंदांचा असतो. बाइंडच्या आधी ‘रीयूज ॲड्रेस’ हा पर्याय लावला की अडचण मिटते.

क्लायंटला बाइंड लागत नाही; पोर्ट कर्नलच निवडतो. कनेक्ट म्हटलं की एक पॅकेट जातं, उत्तर येतं, त्याची पोच जाते आणि जोडणी उभी राहते. पलीकडे यंत्र आहे पण पोर्टवर कोणी ऐकत नाही, तर नकार तात्काळ येतो. फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत असेल, तर मात्र लिनक्सवर दोनेक मिनिटं ताटकळावं लागू शकतं. बिघाड शोधणाऱ्याने हा फरक नीट बघावा. त्यात बहुतेक वेळा निम्मं उत्तर असतं.

एटी अँड टीने सिस्टिम फाइव्हमध्ये टीएलआय नावाची स्वतःची पद्धत आणली होती. ती मागे पडली. बेल लॅब्जच्या प्लॅन ९मध्ये प्रोटोकॉल, यंत्र आणि पोर्ट एकाच अक्षरमाळेत लिहून डायलला दिलं की जोडणी तयार. मला ते बर्कलीपेक्षा कितीतरी देखणं वाटतं.

तरी १९९५मध्ये आयपीव्ही६चा मसुदा आला, तेव्हा बर्कलीच्या त्या ओबडधोबड स्ट्रक्चरने आपली किंमत वसूल करून दिली. नवा पत्ता १६ बाइटांचा आणि त्याचं स्ट्रक्चर २८ बाइटांचं. पण कनेक्ट आणि बाइंड यांना पत्त्याबरोबर त्याची लांबीही दिली जात असल्यामुळे नवीन फंक्शन लिहावं लागलं नाही. मोडलं ते वेगळंच. नावावरून पत्ता शोधणाऱ्या गेट-होस्ट-बाय-नेमला कुटुंब सांगायची सोयच नव्हती, शिवाय ते उत्तर एकाच सामाईक जागेत ठेवत असल्याने थ्रेडमध्ये धोक्याचं होतं. त्याच्या जागी गेट-ॲडर-इन्फो आलं. ते सॉकेटला द्यायच्या तिन्ही गोष्टी आणि तयार पत्ता अशी यादीच परत देतं. प्रोग्रामने यादीवरून एकेक जोडणी करून बघायची, लागेल ती ठेवायची.

एकामागून एक बघत बसलं, तर बिघडलेल्या आयपीव्ही६च्या वाटेवर वापरणारा अडकून पडतो. म्हणून २०१७च्या आरएफसी ८३०५मध्ये सुचवलं आहे, की पहिल्या पत्त्याला कनेक्ट सुरू करून २५० मिलिसेकंदांत जोडणी झाली नाही, तर त्याला न सोडता दुसऱ्यालाही सुरुवात करावी, आणि आधी जो लागेल तो धरून बाकीचे बंद करावेत.